पावसाळ्यात कानाचं मशीन सारखं बंद पडतं? दुकान गाठण्याआधी या क्रमाने तपासा

'मशीन गेलं' म्हणून जी कानाची मशीनं आमच्याकडे येतात, त्यातली बरीचशी गेलेली नसतात. कुठे जाळीत मळ अडकलेला असतो, कुठे नळीत पाण्याचा थेंब बसलेला असतो, कुठे सेल उतरलेला असतो. मी कोकणात श्रवणयंत्रांच्या देखभालीचं काम करते. मृग लागला की दसऱ्यापर्यंत हीच तक्रार रोज येते, आणि त्याच माणसांची पुन्हा पुन्हा येते. दोन मिनिटांच्या कामासाठी म्हातारी माणसं एसटीने अर्धा दिवस मोडून येतात. मला याहून जास्त वाईट वाटतं ते 'बिघडलं' म्हणून मशीन खणात ठेवून देणाऱ्यांचं. एकदा खणात गेलेलं मशीन दिवाळीपर्यंत बाहेर येत नाही. तेवढ्या महिन्यांत घरातल्यांना मोठ्याने बोलायचा कंटाळा येतो आणि आजोबा जेवणाच्या पाटावर गप्प बसायला लागतात.

खाली लिहिलंय ते मुख्यतः कानामागे बसणाऱ्या मशीनबद्दल आहे. त्यात दोन प्रकार आहेत. एकात कानाच्या मापाचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, आणि जाडशी पारदर्शक नळी असते. दुसऱ्यात बारीक तार असते आणि तिच्या टोकाला स्पीकर व रबरी टोपी असते. पूर्ण कानात बसणाऱ्या छोट्या मशीनला नळी-मोल्डचा भाग सोडून बाकी सगळं लागू आहे.

आधी लक्षण नीट ओळखा

'ऐकू येत नाही' एवढ्यावरून काहीच कळत नाही. यातलं नेमकं काय होतंय ते बघा:

- आवाज अजिबात नाही.
- आवाज आहे, पण मंद, भिंतीपलीकडून आल्यासारखा.
- आवाज येतो-जातो. सकाळी ठीक असतो, दुपारी घाम आला की जातो.
- सारखी शिट्टी वाजते.
- खरखर किंवा चरचर येते.
- आवाज भरपूर आहे, पण शब्द कळत नाहीत.

वेळ लक्षात ठेवा, कारण निम्मं निदान वेळेवरूनच होतं. सकाळी चालून दुपारी जाणारं मशीन बहुतेक वेळा दमट झालेलं असतं. काल रात्रीपर्यंत उत्तम चालून आज सकाळी ठार बंद असेल तर आधी सेल बघायचा. आठवडा-दोन आठवडे हळूहळू मंद होत गेलं असेल तर मळ. शेवटच्या लक्षणाचं, म्हणजे शब्द न कळण्याचं, मशीनच्या बिघाडाशी अनेकदा काही देणंघेणं नसतं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

सुरुवातीला एक फुकटची चाचणी करा. मशीन चालू करून बंद मुठीत धरा. शिट्टी वाजली म्हणजे माइक आवाज घेतोय, स्पीकर आवाज देतोय, सेल जिवंत आहे. मग दोष पुढे, म्हणजे कान आणि मशीन यांच्या मध्ये कुठेतरी आहे. नव्या मशीनमध्ये शिट्टी दाबणारी यंत्रणा असते, त्यामुळे तिथे शिट्टी बारीक येईल किंवा येणारही नाही. तेवढ्यावरून मशीन मेलं असं ठरवू नका.

१. बटण, आवाज, फोन

सेलचं झाकण पूर्ण बंद आहे ना? बहुतेक मशीनमध्ये झाकण जरा जरी उघडं राहिलं तरी मशीन बंदच असतं. झाकण बसत नसेल तर जोर लावू नका, सेल उलटा घातलेला असतो. झाकणाची बिजागरी प्लास्टिकची असते, ती तुटली की खर्च आलाच.

जुन्या आणि सरकारी शिबिरात मिळालेल्या मशीनवर एम, टी, ओ असं सरकतं बटण असू शकतं. एम म्हणजे माइक चालू, ओ म्हणजे बंद. टी वर मशीन माइक बंद करून चुंबकीय लहरी पकडतं, ते खास टेलिफोनसाठी असतं. कानामागे मशीन अडकवताना बोट लागून बटण टी वर सरकतं, मग माणसाचा आवाज अजिबात येत नाही, फक्त विजेच्या तारांजवळ गुणगुण ऐकू येते. ही तक्रार आमच्याकडे इतक्या वेळा आली आहे की, मशीन हातात घेतल्याबरोबर माझी नजर आधी त्या बटणावर जाते.

मोबाइलला जोडलेलं मशीन असेल तर फोनचं ब्लूटूथ बंद करून बघा. घरातल्या कोणी नातवाने ॲपमध्ये आवाज कमी केलेला असतो, किंवा फोनवरचा व्हिडिओ खिशात चालू राहून बाहेरचा आवाज दबलेला असतो.

२. सेल

कानाच्या मशीनचे सेल झिंक-एअर जातीचे असतात. हवेतला ऑक्सिजन आत गेल्याशिवाय ते वीज देत नाहीत. सेलच्या सपाट बाजूला बारीक भोकं असतात आणि त्यांच्यावर रंगीत स्टिकर असतं. स्टिकर काढून सेल तसाच दोन-चार मिनिटं टेबलावर राहू द्या, मग घाला. काढल्याबरोबर कोंबलेला सेल पूर्ण ताकद येण्याआधीच बंद डब्यात जातो, मशीन अडखळतं, आणि 'नवीन सेल टाकूनही चालत नाही' अशी तक्रार येते.

स्टिकरचा रंग म्हणजे सेलचं माप: पिवळा १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. कंपनी कुठलीही असली तरी हे रंग जगभर तेच आहेत, त्यामुळे मेडिकलवाल्याला नुसता रंग सांगितला तरी चालतो. ३१२ नंबरचा सेल साधारण तीन ते दहा दिवस जातो, १३ नंबरचा आठवडा ते दोन आठवडे. मशीन रोज किती तास लावता आणि त्यात ब्लूटूथ किती चालतं, यावर हे ठरतं.

हा सेल शेवटपर्यंत विजेचा जवळपास सारखाच दाब देतो आणि मग एकदम बसतो. म्हणून 'काल तर छान चालत होतं' हे सेल चांगला असल्याचं लक्षण धरू नका. पाकिटावरची मुदत बघा, दुसऱ्या पाकिटातला सेल टाकून बघा. दोन मशीनं असतील तर सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे चालणाऱ्या मशीनचा सेल बंद मशीनमध्ये घालणं. चाललं तर प्रश्न मिटला.

रात्री स्टिकर पुन्हा चिकटवून सेल वाचवायचा प्रयत्न बरेच जण करतात. त्याने फारसं काही वाचत नाही, आत एकदा सुरू झालेली क्रिया चालूच राहते. पावसाळ्यात तर सेल हवेतली ओल ओढून घेतो आणि मुदतीआधीच दम टाकतो. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये एकदम मोठा साठा करू नका, आणि सेल फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्याच्यावर दव धरतं.

एक गोष्ट तपासणीतली नाही, पण सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. हे सेल गोळीसारखे दिसतात. बीपीच्या गोळ्यांशेजारी ठेवलेला सेल नजर अधू झालेल्या माणसाकडून पाण्याबरोबर गिळला जाऊ शकतो. लहान मुलं तो नाकात, कानातही घालतात. असं झाल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा, सोबत सेलचं पाकीट न्या. आणि आजपासून सेलचा डबा औषधांच्या डब्यापासून दूर ठेवा.

चार्जिंगचं मशीन असेल तर चार्जरमध्ये ठेवल्यावर दिवा लागतो का बघा. दिवा लागत नसेल तर मशीनच्या आणि चार्जरच्या धातूच्या टिकल्या कोरड्या सुती कापडाने पुसा. तिथे घामाचा आणि तेलाचा थर बसतो. काही वर्षांनी ही बॅटरी मुळातच कमी टिकायला लागते, तेव्हा ती कंपनीकडूनच बदलायची असते.

३. मळ

मंद झालेल्या मशीनचं सर्वांत मोठं कारण हेच. बारीक तारेच्या मशीनची रबरी टोपी हलकेच ओढून काढा. आत स्पीकरच्या तोंडावर मोहरीपेक्षा लहान एक जाळी दिसेल. ती खिडकीच्या उजेडात धरा. नवी जाळी स्वच्छ असते आणि तिची भोकं दिसतात. मळलेली पिवळट-तपकिरी, चकचकीत दिसते, भोकं बुजलेली असतात. ही जाळी साफ करायची नसते, बदलायची असते. तिच्या पाकिटातल्या काडीचं एक टोक जुनी जाळी ओढून काढतं, दुसरं टोक नवी बसवतं. हात थरथरत असतील तर हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला शिकवा. जाळीत सुई, टाचणी, काडेपेटीची काडी घालू नका. जाळीच्या मागे लगेच स्पीकरचा नाजूक पडदा असतो, आणि एका टाचणीने पूर्ण स्पीकर बदलायची वेळ येते.

मोल्डचं मशीन असेल तर मोल्ड आणि नळी मशीनच्या हुकापासून, म्हणजे कानावर अडकणाऱ्या वाकड्या टोकापासून, वेगळी करा. नळी धरून ओढा, मशीन वाकवू नका. मोल्ड कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, भोकातला मळ काढा, हाताने दाबायच्या छोट्या रबरी पंपाने नळीतलं पाणी उडवा आणि रात्रभर वाळू द्या. पूर्ण वाळल्याशिवाय परत जोडू नका. दोन्ही कानांचे मोल्ड एकदम धुतले तर अदलाबदल होते. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. मशीनला मात्र पाणी लावायचं नाही, स्पिरिट नाही, सॅनिटायझरही नाही.

माइकची भोकं मऊ कोरड्या ब्रशने झाडताना माइक खाली, जमिनीकडे करा. वर करून झाडलं तर कचरा आत पडतो. आपल्याकडे डोक्याला तेल चोपडून लगेच मशीन लावतात. तेल आणि पावडर माइकवर बसली की आवाज मंद झालाच. तेल, पावडर, अत्तर हे सगळं आधी, हात पुसून मशीन शेवटी.

४. ओल

पावसाळ्यातलं खरं दुखणं हे. कानातली हवा गरम आणि दमट असते, बाहेरची नळी गार. आत दव धरतं आणि थेंब तयार होतो. नळी उजेडात तिरकी धरली तर तो स्पष्ट दिसतो, आणि एवढासा थेंब पूर्ण आवाज अडवू शकतो. नळी काढून रबरी पंपाने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, आपली फुंकरही दमटच असते.

रोजचा उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा छोटा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या रंग बदलणाऱ्या गोळ्या. रात्री मशीन कोरड्या कापडाने पुसा, सेल काढून बाहेर ठेवा, मशीनचं झाकण उघडं ठेवून मशीन डब्यात ठेवा. सेल त्याच डब्यात ठेवला तर तो सुकून निकामी होतो. गोळ्या निळ्याच्या गुलाबी किंवा नारिंगीच्या हिरव्या झाल्या की त्यांनी ओल पिऊन पोट भरलेलं असतं, त्या बदला. पावसाळ्यात हे तुमच्या अंदाजापेक्षा लवकर होतं, आणि बऱ्याच घरांतल्या डब्यात मी गेल्या वर्षीच्या रंग बदललेल्या गोळ्याच पाहते. विजेवर चालणारा सुकवण्याचा डबाही मिळतो. मुरूड, मालवण, वेंगुर्ला अशा समुद्राकाठच्या घरांत तो घ्यावाच असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथल्या दमट हवेत मीठही असतं.

तांदळात मशीन ठेवू नका, त्याची भुकटी भोकांत जाते. हेअर ड्रायर, चुलीची ऊब, कडक ऊन, गरम झालेल्या टीव्हीच्या डब्यावर ठेवणं, यातलं काहीही करू नका. मशीन भिजलंच तर सेल ताबडतोब काढा, पाणी झटका, कोरडं पुसा आणि पूर्ण एक दिवस डब्यात राहू द्या. मधे मधे सेल घालून 'चालतंय का' बघायचा मोह आवरा. ओल्या सर्किटमध्ये वीज गेली की ते गंजतं. खोक्यावर आयपी ६८ (म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षण) लिहिलं असलं तरी आंघोळीला आणि पोहायला मशीन काढूनच जायचं.

५. शिट्टी थांबत नसेल

मशीन कानातून काढा, चालू ठेवा आणि मोल्डचं भोक बोटाने घट्ट दाबा. शिट्टी थांबली तर मशीन ठीक आहे. आवाज कानातून बाहेर गळून पुन्हा माइकमध्ये जातोय. मोल्ड अर्धवट बसलाय, सैल झालाय, किंवा कानातच मळ भरलाय. वजन उतरल्यावर, दात काढल्यावर किंवा नवी कवळी बसवल्यावर कानाच्या नळीचा आकार थोडा बदलतो आणि जुना मोल्ड सैल पडतो. तिथे नवा मोल्डच हवा.

भोक दाबूनही शिट्टी चालू राहिली तर नळी काढा आणि मशीनच्या हुकाचं टोक दाबा. आता थांबली तर दोष नळीत किंवा मोल्डमध्ये आहे. नळी तीन ते सहा महिन्यांत पिवळी आणि कडक होते, वळणावर चिरते. ती बदलणं अगदी किरकोळ खर्चाचं काम आहे. हुक दाबूनही शिट्टी येत असेल तर दोष मशीनच्या आत आहे. तिथे तुमचं काम संपलं.

६. मशीन ठीक, तरी कळत नाही

कानात मळ असेल तर कितीही चांगलं मशीन निरुपयोगी. मशीन लावणाऱ्यांच्या कानात मळ जास्त साचतो, कारण तो बाहेर पडायची वाट बंद असते. कापसाच्या काडीने तो आणखी आत जातो. कोमट तेल घालायची जुनी सवय असते, पण पडद्याला भोक असेल तर तेलाने कान फुटतो, आणि भोक आहे की नाही हे घरी कळत नाही. कान कान-नाक-घसा तज्ज्ञाकडूनच साफ करून घ्या.

कानही साफ असेल तर घरात एक चाचणी करा. मशीन लावलेल्या माणसाच्या मागे तीन-चार पावलांवर उभं राहून नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी म्हणा: आ, ई, ऊ, म, स, श. ऐकणाऱ्याने तसाच म्हणून दाखवायचा. या सहा ध्वनींत बोलण्यातला जाड ते बारीक असा सगळा पट्टा येतो. आ आणि ऊ येतात पण स, श येत नाहीत असं अचानक झालं तर पुन्हा जाळी आणि नळी बघा. हळूहळू, काही महिन्यांत झालं असेल तर ऐकण्याची क्षमता बदलली असण्याची शक्यता आहे, मशीन नव्या तपासणीप्रमाणे लावून घ्यायला हवं. वयाने येणाऱ्या बहिरेपणात बारीक आवाज आधी जातात. म्हणूनच माणूस म्हणतो, 'तुझा आवाज येतो, पण काय म्हणतेस ते कळत नाही.' वर्षातून एकदा ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं याची मोजणी, करून घ्यावा. तो करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे ना, हे विचारायला संकोच करू नका.

आणि घरातल्यांसाठी: स्वयंपाकघरातून मिक्सर चालू असताना मारलेली हाक कुठलंच मशीन नीट पोचवणार नाही. समोर या, हातभर अंतरावर बसा, टीव्हीचा आवाज बंद करा, मग बोला. ओरडू नका. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज टोचतो, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. नवीन मशीनला मेंदू सरावायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत भांड्यांचा, वर्तमानपत्राच्या पानांचा आवाज नकोसा होतो. तेव्हा शांत खोलीत एकाच माणसाशी बोलत थोडा थोडा वेळ लावा आणि रोज वाढवा, पण लावणं सोडू नका.

इथे थांबा

मशीनबाबत: सेलच्या कप्प्यात हिरवा-पांढरा गंज दिसला, बारीक तार तुटली, हुक दाबूनही शिट्टी आली, किंवा वरचं सगळं करूनही आवाज आला नाही, तर मशीन उघडू नका. फेव्हिक्विक तर लावूच नका, तो माइकमध्ये उतरतो.

कानाबाबत: एका कानाचं ऐकणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक गेलं तर मशीन तपासत बसू नका. मशीन काढूनही फरक जाणवतो का एवढंच बघा आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. हे तातडीचं असतं. औषध लवकर सुरू झालं तर ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त, आणि दोन आठवडे उलटले की ती बरीच कमी होते. त्यासोबत तोंड वाकडं झालं, हातापायातली शक्ती गेली किंवा जीभ जड झाली तर थेट मोठ्या रुग्णालयात. कान दुखणं, पू किंवा रक्त येणं, नव्याने चक्कर येणं, यात मशीन काढून ठेवून डॉक्टर. मधुमेह असेल आणि कान ठणकत असेल तर उद्यावर टाकू नका. रबरी टोपी कानात राहिली तर चिमट्याने काढायला जाऊ नका, ती आत सरकते.

दुरुस्तीला येताना दोन्ही मशीनं आणा, चालणारंसुद्धा. मोल्ड, सध्या वापरात असलेला सेल त्याच्या पाकिटासकट, वॉरंटीचं कार्ड आणि शेवटचा ऑडिओग्रामही आणा. कागदावर लिहून आणा: कधी बंद पडतं, किती वेळाने परत येतं, काय काय तपासलं. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी करून प्रमाणपत्राची चौकशी करा. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला असेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मशीन मिळू शकतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून ती ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या अडचणींवरच्या कामाला वाहिलेली आहे. तिथे तपासणी, मशीन आणि मोल्ड हे सगळं एकाच ठिकाणी होतं.